नमुन्यातली मावशी

"तुमची भाची आमच्याकडे दाखल आहे," असं फोनवरची बाई म्हणाली, तेव्हा मी एका अर्जावर 'त्रुटी' असा शिक्का मारत होते, आणि तो शिक्का तिरपा उमटला. सव्वीस वर्षांत माझा शिक्का कधी तिरपा उमटलेला नाही, त्यामुळे आधी त्याचाच राग आला. मग 'दाखल' हा शब्द ध्यानात आला. मला भाची आहे, एकच आहे, आणि तिची माझी गाठ पडून अकरा वर्षं झाली. तिला काही झालं तर मला कळवावं असं जगात कुणाला वाटेल, हे मला खरं वाटेना. "कोणती भाची?" मी विचारलं. प्रश्न चमत्कारिक होता, मलाही कळलं. बाईनं अडखळत, तीन तुकडे करून एक नाव वाचलं, आणि डोळ्यांपुढं छत्रीवाली उभी राहिली. म्हणजे आमच्याकडची एक परदेशी विद्यार्थिनी, वर्ष पहिलं, वय एकोणीस, ऊन असो की सावली असो हातात मिटलेली छत्री. माझी भाची नव्हे. जिवात जीव आला, आणि जिवात जीव आल्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे. "हे पाहा," मी म्हटलं, "मी तिची मावशी नाही. मी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी कक्षात काम करते." बाईनं कागद चाळल्याचा आवाज आला. "तिच्या पिशवीत तुमच्याच विद्यापीठाच्या अर्जाच्या प्रतीचा फाटका तुकडा आहे. स्थानिक नातेवाईक, मावशी. नंबर हाच. अपेंडिक्स आहे, फुटायच्या बेतात आहे, डॉक्टर दुपारच्या आत ऑपरेशन करायचं म्हणतात, जवळच्या माणसाची सही लागेल. बाकी तुम्ही इथं येऊन सांगा." आणि तिनं फोन ठेवला.

मी मान वर करून काउंटरच्या काचेकडं पाहिलं. काचेला आतून, विद्यार्थ्यांना बाहेरून दिसेल असा, नमुना अर्ज चिकटवलेला आहे. बारा वर्षांपूर्वी मीच भरून मीच चिकटवला. त्याआधी लोक अर्ज काय वाटेल तसा भरायचे. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख, आडनावाच्या जागी गावाचं नाव. वैवाहिक स्थिती या रकान्यात एकानं 'बरी आहे' असं लिहिलं होतं. प्रत्येकाला समजावून घसा बसायचा. म्हणून मी एक कोरा अर्ज घेतला, निळ्या शाईनं, अक्षर कोरून कोरून भरला. नाव अबक. पासपोर्टचा नंबर एक दोन तीन चार. स्थानिक नातेवाइकाच्या फोनशी आले आणि अडले, कारण कोणतेही दहा आकडे लिहिले तरी ते कुणा बिचाऱ्याचे निघायचे. म्हणून स्वतःचा नंबर टाकला. नात्याच्या रकान्यात काय लिहावं, हे सुचेना. त्या दिवशी बहिणीची मुलगी शाळेला सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आली होती, सात वर्षांची, माझ्या टेबलावर पाय हलवत बसून कक्षातल्या झाडून सगळ्या पेन्सिलींना टोक करत होती. "मी कोण लिहू गं?" मी सहज विचारलं. "मावशी," ती म्हणाली, त्यात विचारायचं काय, अशा थाटात. मी मावशी लिहिलं. आणि सगळ्यात वर, लाल शाईनं, हे वाक्यही माझंच: 'अर्ज नमुन्याप्रमाणे अचूक भरावा, अन्यथा परत केला जाईल.' ही पोरं हजारो मैलांवरून आलेली, भाषा कच्ची, नियमांना भ्यालेली. त्यांनी नमुन्याप्रमाणे अचूक भरला. यात त्यांची काय चूक? मला चूक सापडायला हवी होती, आणि ती सापडेपर्यंत मला स्वस्थता नव्हती.

अर्जाचं पहिलं पान मी तपासते. दुसरं पान शेजारच्या टेबलावरचा कारकून तपासतो, म्हणून त्याला सगळे 'दोन नंबर' म्हणतात. मला माझ्या पाठीमागं 'त्रुटीबाई' म्हणतात, तेही मला माहीत आहे. काउंटरवर बसून बसून मला समोरच्याचा कागद उलटा वाचायची सवय झाली आहे. विद्यार्थी पलीकडं लिहीत असतो तोवर मी अलीकडून चूक धरलेली असते. ती छत्रीवाली माझ्यासमोर तीनदा उभी राहिली, आणि तीनदा मी तिचा अर्ज परत केला. नातेवाइकाचा रकाना दुसऱ्या पानावर. "तुम्ही इतकी वर्षं काय तपासता?" मी दोन नंबरला विचारलं. "रकाना रिकामा नाही ना, ते," तो शांतपणे म्हणाला. मग त्यानं कॉम्प्युटरवर माझा नंबर टाकला, खटखट केलं, आणि छापलेला कागद माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, चालू वर्षाची तुमची भाचरं सेहेचाळीस." वर हसला. मला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला की मी तो कागद घडी न घालता पर्समध्ये कोंबला, जे मी कोणत्याही कागदाच्या बाबतीत करत नाही.

संचालकांना सांगणं भाग होतं. आमचे संचालक दर वर्षी स्वागत समारंभात सांगतात की हे विद्यापीठ म्हणजे तुमचं घर आणि आम्ही सगळे तुमचं कुटुंब. त्या वेळी मागं वीसेक देशांचे झेंडे लावलेले असतात. एका वर्षी त्यातला एक उलटा लागला आणि कुटुंबातल्या मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "तुम्ही जाऊन या. पाहून या. पण सही करू नका." "मग सही कोण करणार, सर?" "तिच्या घरचे." "तिच्या घरी आत्ता मध्यरात्र आहे. आईवडील फोन उचलत नाहीत, मी चारदा लावला." "दूतावासाला कळवू आपण. पत्र तयार करा." पत्र तयार करायचं म्हणजे मी, तपासायचं म्हणजे मी, आणि तोवर त्या पोरीचं पोट थांबणार. "उद्या काही कमीजास्त झालं," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तर सही कुणाची, हा पहिला प्रश्न येतो. तुम्हाला कळतंय ना?" कळतंय, सर. मला तो प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त कळतो. "आणि त्या सेहेचाळीस जणांचे खरे संपर्क संध्याकाळपर्यंत मला पाहिजेत," ते म्हणाले.

टॅक्सीत बसले आणि यादीतले फोन लावायला सुरुवात केली. रिकामं बसणं मला जमत नाही, विशेषतः ज्या इमारतीत आपण पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं ठरवलेलं असतं त्या इमारतीकडं जाताना. "तुझ्या अर्जात स्थानिक नातेवाईक म्हणून कुणाचं नाव आहे?" "मावशी, मॅडम." "मावशी म्हणजे कोण, माहीत आहे का तुला?" "नमुन्यात आहे, मॅडम." "आईची बहीण," दुसऱ्या एकानं बरोबर सांगितलं, आणि त्याला शाबासकी हवी होती असं वाटलं. "तुझ्या आईची बहीण इथं राहते?" "नाही, मॅडम." "मग इथं तुझ्या ओळखीचं कोण आहे? रात्रीबेरात्री काही झालं तर कुणाला बोलवशील? घरमालक? शिक्षक? कुणीही." नऊ जणांना विचारलं. दोघांनी एकमेकांची नावं दिली. एकानं खाणावळीचं नाव दिलं, माणसाचं नव्हे, खाणावळीचं. एकीनं खूप वेळ विचार केला आणि मग घाबरत म्हणाली, "तुम्ही, मॅडम." "मी नाही," मी म्हटलं, "माझंच नाव तर काढायचंय." ती "बरं" म्हणाली आणि सॉरी म्हणाली. मी फोन ठेवला. अशा वेळी ही मुलं सॉरी म्हणतात याचाच मला सगळ्यात जास्त वैताग येतो. आणि मग, टॅक्सी सिग्नलला उभी असताना, उगाचच मनात आलं की मला कुणी हाच प्रश्न विचारला तर? बँकेत वारसाच्या रकान्यात अजून आईचं नाव आहे. दर वर्षी बदलायचं ठरवते. नियमांवर बोट ठेवणारी बाई मी, आणि माझ्या स्वतःच्या कागदात अकरा वर्षं एक मेलेलं माणूस आहे.

इमारतीला नवा रंग दिलाय, एवढंच. आतला वास तोच, फिनेल आणि उकळलेल्या कपड्यांचा. लिफ्टपाशी आले आणि थांबले, कारण अकरा वर्षांपूर्वीही मी इथंच उभी होते, हातात आईच्या चपला घेऊन. आईचं आतडं अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता न्यावं लागेल. मी बहिणीला फोन केला. "निघालेय," ती म्हणाली, "अर्ध्या तासात पोचते. मी येईपर्यंत थांब." लहानपणापासून तिचा अर्धा तास मला माहीत होता. तिचा अर्धा तास म्हणजे अजून अंघोळ व्हायची असते. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि कागद पुढं केला. मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली की नाही, आठवत नाही. सही केली. बहीण दीड तासानं आली, पाठोपाठ आत्या, काका, शेजारीपाजारी, आणि सगळ्यांच्या देखत डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आम्ही प्रयत्न केले. बहीण रडली नाही. तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "सही कुणी केली?" मी म्हटलं, "मी." "मी येतेय म्हटलं होतं ना," ती म्हणाली. बस, एवढंच. यापेक्षा मोठी भांडणं आम्ही वेणीच्या रिबिनीवरून केली होती. पण नंतर तिनं फोन केला नाही, आणि मी तरी का करावा? थांबले असते तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. हे मला माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही, हेही माहीत आहे. तेव्हापासून मी कोणताही कागद तीनदा वाचते, आणि लोकांना वाटतं की मला त्रास द्यायची हौस आहे.

छत्रीवाली चौथ्या मजल्यावर, चाकाच्या पलंगावर होती. चेहरा तापानं लाल, ओठ सुकलेले, आणि छत्री पायाशी चादरीवर ठेवलेली. ती कुणी आणली कोण जाणे. मला पाहिल्यावर तिनं उठायचा प्रयत्न केला. मला वाटलं, आता रडेल, आणि रडणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं हे मला कधी कळलेलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, माझा अर्ज परत?" पोट फुटायला आलंय, घर समुद्रापलीकडं, आणि पोरीला भीती कशाची, तर माझ्या शिक्क्याची. मला असं झालं की कुणाला तरी धरून हलवावं, आणि हलवण्यासारखं तिथं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. "अर्ज बरोबर आहे," मी म्हटलं. "पडून राहा." सव्वीस वर्षांत चुकीच्या अर्जाला बरोबर म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. तिनं माझं मनगट धरलं. हात भाजत होता. सोडवून घ्यायला हवा होता, कारण कागद पाहायचे होते, पण थोडा वेळ मी तसाच राहू दिला.

डॉक्टर पोरसवदा होते आणि घाईत होते. "तिची सही घेतलीय, पण ताप आहे, शुद्ध धड नाही. जवळच्या कुणाची तरी पाहिजे. तुम्ही मावशी ना?" त्यांनी चार पानांचा कागद पुढं केला आणि तिसऱ्या क्षणाला घड्याळ पाहिलं. अगदी तसंच. संचालकांचा आवाज ऐकू येत होता, सही कुणाची, आणि त्याच्या खाली, खूप जुना, दुसरा आवाज. निघून जावं असं मनात आलं, हे मी लपवत नाही. संचालकांनी पाहून या म्हटलं होतं. पाहून झालं होतं. "मी वाचणार," मी म्हटलं. "अहो, वेळ नाही." "पाच मिनिटं लागतील. मला वाचायचा सराव आहे." मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिलं पान. दुसरं पान. भूल, रक्त, धोके, सगळे धोके एकाखाली एक, आणि प्रत्येक ओळीला आई आठवत होती, आणि मी पुढं वाचत होते. तिसऱ्या पानावर मधोमध छोटा रकाना: औषधांची अॅलर्जी. त्यात 'नाही' वर खूण. माझं बोट तिथं आपोआप थांबलं. "हे कुणी भरलं?" "नर्सनं. पेशंटला विचारून." "पेशंटला शुद्ध नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात." मी कागद त्यांच्यापुढं धरला. "त्रुटी आहे," मी म्हटलं. तोंडातून तोच शब्द आला, दुसरा येईना.

मी कक्षात फोन लावला. "दोन नंबर," मी म्हटलं. तोंडावर त्याला मी असं कधी म्हटलं नव्हतं. "तिच्या अर्जाचं दुसरं पान काढा. आरोग्याचा रकाना वाचा." "मॅडम, संचालक विचारत होते, पत्राचं…" "आधी पान काढा." कागद सरकले, कपाट करकरलं. ज्या माणसावर मी अठरा वर्षांत एका स्वल्पविरामाचाही भरवसा ठेवला नव्हता, तो माझ्या कानाशी श्वास घेत होता. "अॅलर्जी," तो वाचायला लागला, "आहे. पेनिसिलिन. कंसात लिहिलंय, लहानपणी एकदा श्वास अडकला होता. मॅडम, हे तिनं खूप नीट लिहिलंय, अधोरेखित केलंय." मी फोन डॉक्टरांच्या कानाला लावला आणि म्हटलं, त्यांना पुन्हा वाचून दाखवा. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी नर्सला हाक मारली, एक बाटली परत गेली, दुसरी आली, रकान्यातली खूण खोडून लाल अक्षरं आली. मी उरलेलं पान वाचलं. शेवटी दोन ओळी होत्या: सही आणि नातं. सही केली, पूर्ण, नेहमीसारखी, खाली रेघ मारून. नात्याच्या रकान्याशी पेन थांबलं. खोटं कधी लिहिलं नाही. मग वाटलं, हे पोरीनं माझ्याच अक्षरावरून लिहिलं, मीच अचूक भर म्हणून सांगितलं, आणि आता मी नाही म्हटलं तर खोटं कोण? मी नमुन्याप्रमाणे भरलं.

पलंग ढकलत नेला. छत्री माझ्या हातात राहिली. दार मिटलं. बाकावर बसणार तोच नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं हाक मारली. तीच ती, सकाळची फोनवरची; आवाजावरून ओळखली. "आणखी एक नंबर द्या. तुम्ही मिळाला नाहीत तर दुसरा कुणी. आमचा नियम आहे." "मी इथंच बसलेय." "तरी पाहिजे. रकाना रिकामा ठेवता येत नाही." हे मला कुणी सांगायचं? आयुष्य गेलं हेच वाक्य दुसऱ्यांना सांगण्यात. कुणाचा देऊ? संचालकांचा दिला तर ते दूतावासाला पत्र तयार करायला सांगतील. दोन नंबरचा मला पाठ नाही. मोबाइलमधली नावं वरून खाली पाहिली: गॅसवाला, प्लंबर, परीक्षा विभाग. खाणावळीचं नाव देणारा तो पोरगा आठवला, आणि त्याला मी किती बोलले, तेही आठवलं. मला एकच नंबर तोंडपाठ आहे. तो मोबाइलमध्ये नाही, मी पुसला होता. पण पुसून काय होणार, आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून नंबर घेतले होते, शेवटचा आकडा मला चार आणि तिला पाच. स्वतःचा नंबर सांगताना रोज मी तिच्यापाशी जाऊन एक आकडा अलीकडं थांबते.

"लिहा," मी म्हटलं आणि सांगितला. "नातं?" "बहीण. म्हणजे माझी." मला वाटलं, ती लिहून घेईल आणि कागद फायलीत जाईल, इतके कागद जातात, कोण उघडतंय? पण ही बाई माझ्या जातीची निघाली. तिनं लगेच रिसीव्हर उचलला. "आत्ता कशाला?" मी म्हटलं. "तपासून घेतो आम्ही. लोक काहीही नंबर देतात." थांबवायला हात पुढं केला आणि तिथंच राहिला, काचेवर. घंटा गेली असावी, कारण ती छताकडं पाहत होती. मग म्हणाली, "नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या बहिणीनं तुमचा नंबर दिलाय." नंतर ऐकत राहिली. "नाही, नाही, त्यांना काही झालेलं नाही. ठणठणीत आहेत. समोरच उभ्या आहेत." ऐकलं. "पेशंट वेगळी. मुलगी आहे एक, ऑपरेशन चाललंय." पुन्हा ऐकलं, आणि माझ्याकडं पाहिलं. "हो. सही त्यांनीच केली." माझ्या हातातल्या छत्रीची मूठ ओली झाली होती. "वाचून केली, बाई. चारही पानं वाचली, डॉक्टरांना थांबवून वाचली, आम्ही सगळ्यांनी पाहिलं." मग तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून काही बोललं जात होतं की नव्हतं, तेही कळेना. "नाही," बाई शेवटी म्हणाली, "बरोबर कुणी नाही. एकट्याच आहेत."

तिनं रिसीव्हर ठेवला, पेन घेतलं आणि मला काही न सांगता शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागली. काचेच्या या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते, पण उलटं वाचता येतंच. 'संपर्क झाला,' तिनं लिहिलं. 'निघाल्या आहेत. अर्ध्या तासात पोचतात.'

मी बाकावर जाऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. अर्धा तास म्हणे. म्हणजे सव्वा वाजणार. वेळेचा अंदाज तिला कधी नव्हताच.